फ्रेंच सहकाऱ्यांच्या इंग्रजीतल्या व्याकरणचुका : काय परस्पर सुधारायचं, काय विचारून?

अनुस्वार (प्रश्न)

मंडळी, कामाचा प्रश्न आहे. फ्रान्समधल्या ल्योंच्या टीमने इंग्रजीत लिहिलेली मशीनची मॅन्युअल्स आणि मीटिंगची मिनिट्स पुण्यात तपासली जातात आणि मग ग्राहकांकडे जातात. लिहिणारे इंजिनिअर विषयात पक्के, शब्दसंग्रहही चांगला, पण व्याकरण त्याच त्याच जागी घसरतं. नमुने देतो :

१. 'वी हॅव टेस्टेड द पंप लास्ट ट्यूजडे.'
२. 'धिस बटन अलाउज टू सेव्ह द फाइल.'
३. 'द सर्व्हर वुड बी डाउन सिन्स मंडे.'
४. 'व्हेन यू विल रिसीव्ह द पार्ट, चेक द सील.'
५. 'कॅमिल हॅज सेंट हिज रिपोर्ट अँड हर रिस्पॉन्स.'

माझं फ्रेंच बी-वनपर्यंत, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत, झालंय. या चुका नेमक्या कुठून येतात ते कळलं तर प्रत्येक वाक्याशी वेगळी कुस्ती खेळावी लागणार नाही. आणि यातलं काय डोळे मिटून सुधारायचं, काय लेखकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हेही कोणी सांगितलं तर बरं होईल.

दाकोर

प्रत्येक चुकीच्या खाली एक व्याकरणशुद्ध फ्रेंच वाक्य असतं. ते ओळखता आलं की दुरुस्ती सोपी. मी काळांपुरतं लिहिते, बाकीचं इतर लिहितीलच.

तुमचं पहिलं वाक्य म्हणजे फ्रेंचमधला पासे काँपोझे नावाचा भूतकाळ. 'नू झाव्हाँ तेस्ते ला पोंप मार्दी देर्निए'. 'आव्वार' म्हणजे हॅवचं रूप आणि त्यापुढे धातुसाधित. बांधणी हुबेहूब इंग्रजी प्रेझेंट परफेक्टची, पण काम साध्या भूतकाळाचं. फ्रेंचचा मूळ साधा भूतकाळ, पासे सेंप्ल, रोजच्या बोलण्यातून गेलेला आहे, तो फक्त पुस्तकी लेखनात दिसतो. म्हणून फ्रेंच माणसाला 'हॅव टेस्टेड' आणि 'टेस्टेड' यांतला फरक आतून जाणवत नाही. वाक्यात संपलेल्या वेळेचा शब्द असेल (यस्टरडे, लास्ट वीक, इन 2019, अगो) तर हॅव काढायचा. इथे विचारायची गरज नाही.

याची उलटी बाजू जास्त त्रासदायक. 'आय वर्क ऑन धिस प्रोजेक्ट सिन्स टेन इअर्स.' फ्रेंचमध्ये 'दप्वी' हा एकच शब्द 'दहा वर्षं' या कालावधीलाही चालतो आणि '2015' या सुरुवातीलाही, आणि गोष्ट अजून चालू असेल तर त्याच्यासोबत क्रियापद साध्या वर्तमानकाळातच येतं. म्हणजे एका वाक्यात दोन चुका आहेत. बरेच तपासनीस सिन्सचा फॉर करतात आणि पुढे जातात. मग 'आय वर्क फॉर टेन इअर्स' असं अर्धवट काहीतरी उरतं. काळही बदलायला हवा : 'आय हॅव वर्क्ड' किंवा 'हॅव बीन वर्किंग'. याचंच भावंड 'इट्स टेन इअर्स दॅट आय वर्क हिअर'. ते दिसलं की सगळं वाक्यच नव्याने लिहा, डागडुजी करू नका.

कालावधीसाठी फ्रेंचमध्ये 'पाँदाँ' वापरतात, त्याचं ड्युरिंग होतं : 'रन द मोटर ड्युरिंग 10 मिनिट्स'. ड्युरिंगच्या पुढे आकडा आला की तिथे फॉर हवं. ड्युरिंगच्या पुढे नाम हवं (ड्युरिंग द टेस्ट), किती वेळ ते नव्हे.

चौथं वाक्य. फ्रेंचमध्ये 'काँ' म्हणजे व्हेन, आणि पुढची गोष्ट भविष्यात असेल तर त्यानंतर भविष्यकाळ येणं हाच नियम आहे. 'सि' म्हणजे इफनंतर मात्र भविष्यकाळ चालत नाही, शाळेतच घोटून घेतात. त्यामुळे फ्रेंच लेखकाची इफची वाक्यं बहुधा बरोबर असतात आणि व्हेन, अ‍ॅज सून अ‍ॅज, वन्स यांची चुकतात. शोध घ्यायचा तर या तिघांचाच घ्या.

चालू वर्तमानकाळाचं वेगळं रूप फ्रेंचमध्ये नाही. 'करतो' आणि 'करतोय' दोन्हींना बहुतेक वेळा एकच क्रियापद. मॅन्युअलमध्ये हे सुरक्षेच्या सूचनांत येऊन बसतं : 'डू नॉट ओपन द कव्हर व्हेन द मोटर टर्न्स'. म्हणायचं असतं 'मोटर फिरत असताना'. 'व्हाइल द मोटर इज टर्निंग' असं करा, 'व्हेन' तसंच ठेवू नका.

'आय अ‍ॅम अ‍ॅग्री', 'आय हॅव थर्टी इअर्स' हे सगळ्यांना माहीत असलेले विनोद. तुमचे इंजिनिअर त्या पायरीच्या पुढे गेलेले दिसतात. फक्त परिचय किंवा सीव्ही तपासताना 'आय अ‍ॅम बॉर्न इन 1985' शोधा. ती चूक चांगलं इंग्रजी येणाऱ्यांकडूनही होते, कारण 'ज स्वी ने' (माझा जन्म झाला) मध्ये एत्र, म्हणजे 'असणे' हे क्रियापद आहे आणि तो वर्तमानकाळातलाच आहे.

उपसंपादक

दाकोर यांनी सांगितलेल्या बहुतेक चुकांत वाक्य वाईट दिसतं, पण अर्थ पोचतो. मी दुसऱ्या गटाबद्दल लिहितो : वाक्य व्याकरणाने धडधाकट दिसतं आणि अर्थ भलताच होतो. तपासनिसाचं खरं काम इथे आहे.

तुमचं तिसरं वाक्य याचा उत्तम नमुना. फ्रेंच वर्तमानपत्रं खात्री न झालेली बातमी संकेतार्थी रूपात देतात. 'ल सेर्व्हर सरे ताँ पान दप्वी लँदी' म्हणजे आपल्या भाषेत 'सर्व्हर सोमवारपासून बंद आहे म्हणे'. तो 'म्हणे' फ्रेंचमध्ये क्रियापदाच्या रूपातच असतो. इंग्रजी 'वुड बी' मध्ये तो नाही. इंग्रजी वाचणारा पुढच्या 'इफ'ची वाट बघत बसतो. शब्दशः दुरुस्ती 'हॅज रिपोर्टेडली बीन डाउन सिन्स मंडे'. पण आधी लेखकाला विचारा की दरम्यान खात्री झाली का. झाली असेल तर 'रिपोर्टेडली' ठेवून रिपोर्ट उगाच मवाळ होतो, झाली नसेल तर ते काढून तुम्ही अफवेचं विधान करून टाकता.

पाचवं वाक्य. फ्रेंचमध्ये 'त्याचा' की 'तिचा' हे मालकावरून ठरत नाही, वस्तूच्या लिंगावरून ठरतं. रिपोर्ट पुल्लिंगी म्हणून 'साँ रापोर', उत्तर स्त्रीलिंगी म्हणून 'सा रेपाँस'. लेखकाने एकाचं हिज केलं, दुसऱ्याचं हर. माणूस एकच आहे. त्यावरून कॅमिल बाई की बुवा हे कळणार नाही. अंदाज बांधण्यासाठी वस्तूचं लिंगही कामाचं नाही, कारण स्त्रीलिंगी शब्द स्वराने सुरू होत असेल तर 'सा'चा 'साँ' होतो : टीम स्त्रीलिंगी, पण 'साँ एकीप', आणि इंग्रजीत उतरताना 'हिज टीम'. शिवाय कॅमिल, दोमिनिक, क्लोद ही नावं दोघांनाही ठेवतात, आणि स्पेलिंग बघून आपण ज्याला जीन वाचतो तो फ्रान्समध्ये जाँ, म्हणजे पुरुष. मिनिट्समध्ये हिज-हर आलं की सरळ लेखकाला विचारा. ते जमत नसेल तर सर्वनाम टाळून 'द रिपोर्ट' करा.

आता 'स्टॉप टू'. 'स्टॉप टू फिल द टँक व्हेन द अलार्म साउंड्स.' फ्रेंचमध्ये 'आरेते द राँप्लीर', टाकी भरणं थांबवा. इंग्रजीत छापलं गेलं ते असं : अलार्म वाजला की हातातलं काम थांबवून टाकी भरायला घ्या. 'स्टॉप फिलिंग' करा, आणि या रचनेचा शोध प्रत्येक फाइलमध्ये घ्या.

चार शब्द व्याकरणाच्या हद्दीबाहेरचे आहेत, पण त्यांना वगळून हा धागा पुरा होणार नाही. 'इव्हेंचुअली' : फ्रेंच लेखकाला 'गरज पडली तर' म्हणायचं असतं, इंग्रजी वाचकाला 'उशिरा का होईना, नक्की' असं कळतं. 'द टेक्निशियन विल इव्हेंचुअली रिप्लेस द फिल्टर' हे वॉरंटीच्या कागदात गेलं तर फिल्टर फुकट बदलून द्यावा लागेल. 'डिले' : 'द डिलिव्हरी डिले इज 6 वीक्स' म्हणजे लेखकाच्या मनात माल मिळायला लागणारा वेळ, ग्राहकाच्या मनात सहा आठवड्यांचा उशीर. 'लीड टाइम' किंवा 'डिलिव्हरी टाइम' करा. 'कंट्रोल' : 'कंट्रोल द प्रेशर एव्हरी 8 अवर्स' मध्ये प्रेशर फक्त बघायचं आहे, कमीजास्त करायचं नाही, म्हणून 'चेक'. 'अ‍ॅक्चुअली' हा 'सध्या' या अर्थाने येतो, तो त्या मानाने गरीब.

खाडाखोड

दुसऱ्या वाक्याबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. फ्रेंचांच्या तांत्रिक इंग्रजीवर शिक्का मारायचा तर 'अलाउज टू'चा मारा. अलाउसाठी फ्रेंचमध्ये 'पेर्मे द' वापरतात, त्यानंतर थेट क्रियापद येतं, कोणाला परवानगी ते सांगावं लागत नाही. इंग्रजी अलाउला कर्म लागतं. पुस्तकी दुरुस्ती 'अलाउज यू टू सेव्ह'. पण मॅन्युअलमध्ये तिचीही गरज नसते. 'धिस बटन सेव्ह्ज द फाइल' पुरतं. 'द व्हॉल्व्ह अलाउज टू रिड्यूस द प्रेशर' याचं 'द व्हॉल्व्ह रिड्यूसेस द प्रेशर'. वीस पानांत चाळीस 'अलाउज' असतील तर निम्म्याहून अधिक असेच उडवता येतात. करणारा वापरकर्ता असेल तिथे 'यूज द नॉब टू सेट द स्पीड' अशी आज्ञार्थी रचना घ्या. 'रेकमेंड टू क्लीन', 'सजेस्ट टू रिप्लेस', 'अव्हॉइड टू टच' याच कुळातले, तिन्हींना 'क्लीनिंग', 'रिप्लेसिंग', 'टचिंग' असं आयएनजी लावा.

क्रियाविशेषणाची जागा : 'टाइटन करेक्टली द बोल्ट्स'. फ्रेंचमध्ये ते क्रियापदाला चिकटून बसतं आणि कर्म मागून येतं. इंग्रजीत क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये ते बसवायचं नाही. 'टाइटन द बोल्ट्स करेक्टली'.

अनेकवचनं. इन्फर्मेशन्स, अ‍ॅडव्हायसेस, इक्विपमेंट्स, सॉफ्टवेअर्स, फीडबॅक्स : एस काढा आणि पुढचं क्रियापदही एकवचनी करा, ते विसरतं. सुट्या गोष्टी मोजायच्याच असतील तर 'अ पीस ऑफ'. विशेषणाला एस लावायची सवयही तिकडचीच : 'द डिफरंट्स मॉडेल्स', 'द अदर्स पार्ट्स'. फ्रेंचमध्ये विशेषणाचं वचन बदलतं. याउलट 'ही क्लोज'मधला हवा असलेला एस गळतो, कारण 'इल फेर्म' हे एकवचनात आणि अनेकवचनात ऐकायला सारखंच आहे, शेवटची अक्षरं नुसती लिहायची.

'देअर इज थ्री लीक्स' येतं, कारण 'इल् या' वचनाप्रमाणे बदलत नाही.

शब्दयोगी अव्ययं रट्टा मारण्यासारखी : 'डिपेंड ऑफ'चं ऑन, 'रिस्पॉन्सिबल ऑफ'चं फॉर, 'पार्टिसिपेट टू'चं इन, 'इंटरेस्टेड बाय'चं इन, 'सेम दॅन'चं अ‍ॅज. आन्सर क्रियापद असेल तर 'आन्सर टू द क्वेश्चन'मधला टू आणि 'डिस्कस अबाउट'मधला अबाउट काढून टाका.

तिरकस

एवढं सगळं सुधारायचं कशाला? ग्राहकही काही जन्माने इंग्रज नसतात. 'हॅव टेस्टेड लास्ट ट्यूजडे' कोणालाही कळतं. अंतर्गत मिनिट्सना एवढं पॉलिश म्हणजे तासांची उधळपट्टी. उपसंपादकांचा गट पाळा, बाकी सोडा.

उपसंपादक

अंतर्गत मिनिट्सपुरतं मान्य. एक अट घालतो. तारीख नसलेली वाक्यं सोडू नका. 'वी हॅव चेंज्ड द सेटिंग' याचा अर्थ इंग्रजीत 'बदललं, आणि आता ते तसंच आहे' असा लागतो. फ्रेंच लेखकाला कदाचित 'तेव्हा बदललं होतं' एवढंच म्हणायचं असेल आणि मधल्या काळात सेटिंग परत जुनं केलेलं असेल. तारीख असलेली चूक निरुपद्रवी, तारीख नसलेली अशी चूक दिसतसुद्धा नाही.

अनुस्वार

सगळ्यांचे आभार. खाडाखोड यांची यादी डोळ्यांना लगेच सापडते. पण 'सिन्स टेन इअर्स' आणि 'व्हेन यू विल रिसीव्ह' ही वाक्यं इथल्या कोणालाच पहिल्या वाचनात खटकत नाहीत, शुद्धलेखन तपासणारं सॉफ्टवेअरही दर वेळी पकडत नाही. असं का?

दाकोर

कारण तिथे मराठी आणि फ्रेंच एकाच बाजूला आहेत, आणि इंग्रजी पलीकडे. 'दहा वर्षांपासून इथे काम करतो' : वर्तमानकाळ आणि पासून, अगदी दप्वीची रचना. 'पार्ट मिळेल तेव्हा सील तपासा' : भविष्यकाळ, 'काँ'सारखाच. 'मी काल त्याला भेटलेलो आहे' हेही मराठीत सहज म्हणता येतं. 'मला समजावून सांगा'वरून आपण 'एक्सप्लेन मी' म्हणतो, ते 'एक्सप्लिके-म्वा'वरून तेच म्हणतात. आपला 'ना' आणि त्यांचा 'नेस पा' दोन्ही प्रत्येक वाक्याला चालतात, म्हणून दोघेही कुठेही 'इजन्ट इट' लावतात. 'आय डोन्ट नो व्हॉट इज द प्रॉब्लेम' हेही दोघांचं, पाहिजे 'व्हॉट द प्रॉब्लेम इज'. या जागी कानावर विसंबू नका, यादी करून शोधाच. अशा फाइलचं शेवटचं वाचन शक्यतो मराठी-हिंदी घरातलं नसलेल्या कोणाकडून करून घ्या.

'द' आणि 'अ' यांचंही तसंच, फक्त कारण वेगळं. मराठीत उपपदं नाहीत, म्हणून 'द सेफ्टी इज अवर प्रायॉरिटी' आपल्याला टोचत नाही. फ्रेंचमध्ये सर्वसाधारण भाववाचक नामालाही उपपद लागतं, म्हणून ते 'द लाइफ', 'द सेफ्टी' लिहितात. उलट व्यवसाय सांगताना फ्रेंच उपपद गाळतं, म्हणून 'शी इज इंजिनिअर'. नियम छोटा आहे : कुठली सेफ्टी असं विचारून उत्तर येत नसेल तर 'द' काढा.

हिज-हरमध्ये मात्र आपली बाजू बळकट. 'त्याचा', 'त्याची', 'तिचा', 'तिची' : पहिला भाग मालकाचा, शेवट वस्तूचा. मराठी एकाच शब्दात दोन्ही हिशेब ठेवते, फ्रेंच फक्त वस्तूचा, इंग्रजी फक्त मालकाचा. ल्योंच्या लेखकाला हे समजावताना हाच तक्ता दाखवा, लगेच कळतो.

एका जागी तुमच्या टीमने सुधारणा करताना सांभाळा. फ्रेंच लेखक चालू काळ कमी वापरतो, आपण जास्त. 'द यूनिट हॅज टू मोटर्स' हे बरोबर वाक्य 'इज हॅविंग' करू नका.

खाडाखोड

व्याकरणाच्या काठावरचं एक राहिलं : आकडे. फ्रेंचमध्ये अनेकवचन 2 पासून सुरू होतं, म्हणून '1.5 मीटर', 'झिरो डिफेक्ट' एकवचनात येतात. इंग्रजीत 1.5 मीटर्स, झिरो डिफेक्ट्स. हे किरकोळ. खरा धोका स्वल्पविरामाचा. फ्रेंचमध्ये दशांशचिन्ह स्वल्पविराम, आणि हजाराच्या जागी कोरी जागा सोडतात. तक्त्यात '1,500' दिसलं तर ते दीड आहे की दीड हजार हे वाक्यावरून ठरत नाही. एकक बघा, शेजारच्या ओळी बघा, तरी शंका राहिली तर विचारा. स्वतःहून बदलू नका.

वर्डमध्ये फाइल आली की आधी सगळा मजकूर निवडून रिव्ह्यू, लँग्वेज, सेट प्रूफिंग लँग्वेज इथे जाऊन इंग्रजी करा. फ्रेंच सेटिंग राहिलं तर कोलन, सेमीकोलन, प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह टाइप करताना त्यांच्या आधी न तुटणारी (नॉन-ब्रेकिंग) कोरी जागा आपोआप घुसते, तुम्ही काढाल तरी पुढच्या दुरुस्तीत परत येईल. ती शोधायची खूण म्हणजे कॅरेट चिन्ह (^) आणि लहान एस. रिप्लेस करताना एकट्या खुणेवर 'रिप्लेस ऑल' मारू नका, आकड्यांमधल्या कोऱ्या जागाही तीच असू शकते आणि हजार एकमेकांना चिकटतील. खूण अधिक कोलन, खूण अधिक सेमीकोलन असं एकेक करा.

आणि मेमरीचे आकडे. फ्रेंचमध्ये बाइटला ऑक्ते म्हणतात, म्हणून मेगाबाइट म्हणजे 'एम-ओ' आणि गिगाबाइट म्हणजे 'जी-ओ' असं लिहितात (पहिलं अक्षर मोठं, ओ लहान, मध्ये रेघ नाही). इंग्रजी मॅन्युअलमध्ये '16 जी-ओ' तसंच राहतं. नुसता 'गो' शोधला तर 'गो टू स्टेप 4' सारखी सगळी वाक्यं सापडतील. म्हणून फाइंडमध्ये मॅच केस चालू ठेवा, आणि कॅरेट-हॅश (कोणताही अंक), मग कोरी जागा, मग 'जी-ओ' असं लिहा. एकदा साध्या कोऱ्या जागेने आणि एकदा कॅरेट-एसने, असा दोनदा शोध घ्या.